आधी कोळसा, मग नळी

डॉ. थॉर्नटन पेल यांना थांबायला मी शिकवलं. हे पाप माझ्या माथी आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

पोर्ट टॅलकटचं आमचं नाट्यगृह बंद पडलं तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा होतो. चाळीस वर्षांत राजे, दारुडे, पाद्री, खुनी आणि एका नाताळात बोलणारं अस्वल एवढं सगळं करून झालं होतं आणि दुसरी कुठलीही विद्या हातात नव्हती. गावच्या विद्यापीठाने मला बोलावलं ते शास्त्रज्ञांना बोलायला शिकवण्यासाठी. ही माणसं हुशार असतात, पण व्यासपीठावर गेली की पडद्याकडे तोंड करून स्वतःच्या टायशी बोलतात. पेल त्यातला नव्हता. बोलायची त्याला दांडगी हौस. त्याला गप्प राहता येत नव्हतं. मी त्याला म्हणालो, "महत्त्वाचं वाक्य आलं की थांबा. मनात तीन मोजा. प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकतो. मग बोला." त्याने ते इतकं अंगी बाणवलं की पुढे कॉफीत साखर मागतानाही तो थांबायला लागला.

तालमी विज्ञान विभागाच्या तळघरातल्या छोट्या सभागृहात चालायच्या. अशाच एका तालमीला पेलने पडद्यावरच्या आलेखाकडे हात केला, थांबला, एक, दोन, तीन, आणि म्हणाला, "हा उजेड आजवर कुणीही पाहिलेला नाही."

"पाहिलाय की," मागच्या दारातून आवाज आला. "माझ्या घरच्या फ्रीजरमध्ये रोज दिसतो. त्याला बर्फ म्हणतात."

दारात एक बाई पाना हातात घेऊन उभी होती. पांढऱ्या केसांची जाड वेणी, जाड अस्तराचं जाकीट, पुरुषी बूट. इतक्या अचूक वेळेला टाकलेलं वाक्य मी रंगभूमीवर फार थोड्या वेळा ऐकलं आहे. मी हसलो. पेल हसला नाही.

ती बर्नडीन वोयतोविच. आमच्याच चर्चची, सेंट हायसिंथची. तिला मी तोंडओळखीने जाणत होतो. पण ती दिवसभर करते काय, हे मला त्या दिवशी कळलं.

ती हीलियमवाली. तळघराच्या टोकाला तिचं यंत्र होतं, एखाद्या गोठ्याएवढ्या खोलीत. ते हीलियम वायूचं पाणी करायचं. पाणी म्हणजे शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांचं. ते भल्यामोठ्या बुधल्यांतून वरच्या मजल्यांवर जायचं, तिथे शास्त्रज्ञ लोक त्यात आपापल्या वस्तू गारठवायचे, आणि उकळून उडालेला वायू तांब्याच्या नळांतून परत खाली यायचा, छताला टांगलेल्या रबरी पिशवीत. पिशवी टम्म फुगली की बर्नडीन कॉम्प्रेसर चालू करायची. वर कुणी झडप उघडी ठेवली की खाली पिशवी कमी फुगायची आणि मग बर्नडीन जिना चढून वर यायची. तिच्या बुटांचा आवाज ऐकून डॉक्टरेट असलेली दोन माणसं शौचालयात लपल्याचं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

एकदा विद्यापीठाचे कुणी उपाध्यक्ष पाहुण्यांना घेऊन खाली आले, नळाला तोंड लावून हीलियम ओढला आणि बदकाच्या आवाजात 'सुस्वागतम' म्हणाले. पाहुणे खिदळले. बर्नडीनने नळ बंद केला.

"साहेब, हा वायू जमिनीच्या पोटात तयार व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात," ती म्हणाली. "आणि तुमच्यातून बाहेर काय आलं? बदक."

अशी बाई. गोड बोलणं तिला जमलं नाही आणि जमावं असं तिला कधी वाटलंही नाही.

तिचे वडील तिओफिल गावच्या आइस हॉकीच्या मैदानाचा बर्फ राखायचे. बर्नडीन चौदा वर्षांची असल्यापासून त्यांच्या हाताखाली. बर्फ एकदम ओतायचा नसतो, हे ती तिथे शिकली. आधी फवारा, तो धरला की दुसरा, मग तिसरा. घाई केली की बर्फ दुधी होतो आणि खेळाडूच्या पायाखाली पापुद्र्यासारखा सुटतो. वडिलांना ऐकू येईनासं झाल्यावर बर्फ गोठवणारा कॉम्प्रेसरही तीच सांभाळू लागली. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ती आत कुठलं दुखतंय ते सांगायची. ती एकोणतीस वर्षांची असताना एका हिवाळ्यात बर्फाच्या भाराने मैदानाचं छप्परच खाली आलं. त्याच सुमारास विद्यापीठाने हीलियमचं यंत्र घेतलं होतं आणि ते तीन इंजिनीयर पुरुषांना चालवता येत नव्हतं. चर्चच्या पत्रकात जाहिरात आली. बर्नडीन गेली, स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि म्हणाली, "यात तेल चुकीचं भरलंय." त्या दिवसापासून ती तिथेच.

एकतीस वर्षं. हुद्दा तंत्रसाहाय्यक, श्रेणी दोन. श्रेणी तीनला पदवी लागते. तिच्या हीलियमवर बेचाळीस जणांनी डॉक्टरेट मिळवली, पण श्रेणी तीनला पदवी लागते. लग्न केलं नाही. चर्चच्या बायका कारण विचारायच्या तेव्हा ती म्हणायची, "यंत्राला आठवडाभराची सुट्टी देता येत नाही. हनिमूनला यंत्र घेऊन येणारा कुणी असेल तर सांगा." विद्यार्थी तिला 'चोचा' म्हणायचे, पोलिश लोकांतली मावशी. ईस्टरला ती लोण्याचं कोकरू करून आणायची, मिरीचे डोळे लावलेलं, आणि ज्याने झडप उघडी टाकली असेल त्याला कोकराचं शेपूट द्यायची.

आता पेलच्या उजेडाबद्दल. मला जेवढं कळलं तेवढं सांगतो.

पेन्सिलीच्या शिशाचा अणूएवढा पातळ पापुद्रा गुंडाळला की कार्बनची नळी होते. इतकी बारीक, की केसाच्या जाडीत सत्तर-ऐंशी हजार शेजारीशेजारी मावतील. अशी एक नळी एका सूक्ष्म चरावर दोरीसारखी टाकायची, तिच्यावर लेसर मारायचा, की ती स्वतःचा उजेड परत देते; आपल्या डोळ्यांना न दिसणारा, यंत्राला दिसणारा. खोलीच्या उबेत हा उजेड पसरट असतो, मध्यंतरातल्या गलक्यासारखा. हीलियमच्या थंडीत तोच उजेड आकसून एक बारीक रेघ होतो. इथवर जगाला माहीत होतं. पेलला त्या रेघेखाली दुसरी, फिकट रेघ मिळाली. तो म्हणाला, नळीत एक अशी अवस्था असते जी कधीच उजळत नाही, ती माझ्या प्रयोगशाळेत आपण होऊन उजळली. आमच्या गावच्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर छापलं: 'पोर्ट टॅलकटमध्ये अंधार बोलू लागला'. फोटोत पेल खिडकीबाहेर बघतो आहे. ते बघणंही मीच शिकवलं होतं.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतल्या, एका शुक्रवारी, चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांच्या ताटावर, मी बर्नडीनला विचारलं, "ते बर्फाचं काय म्हणालीस ग त्या दिवशी?"

"तुला कशाला, नाटक्या? तुझं काम त्याला हातवारे शिकवायचं."

"म्हणूनच विचारतोय. मी कशाला हातवारे देतोय ते कळू दे."

तिने काट्याने मासा बाजूला सारला आणि कोबीच्या कोशिंबिरीची वाटी पुढे ओढली. "हा डबा. यातली हवा पंपाने दोन दिवस ओढून काढली. तरी थोडी उरते. उरतेच. आता डबा गार करायला घेतला. ती उरलेली हवा काय करते? जे सगळ्यात आधी गार होईल त्याच्यावर जाऊन बसते. म्हणून डब्यात कोळशाची एक डबी ठेवलेली असते. कोळसा हवा पितो. आधी त्याला गार करायचं. तोवर नळीला ऊब द्यायची. तिच्या पाठीला नखाएवढी शेगडी लावलेली आहे त्यासाठी. कोळशाचं पिऊन झालं की शेगडी बंद. आधी कोळसा, मग नळी. याला चार तास जास्त लागतात."

"मग?"

"मग पेलसाहेबांना चार तास नाहीत. त्यांनी शेगडीची तार काढून ठेवलीय. नळी आधी गारठते, सगळी हवा तिच्यावर थिजते, तिचा उजेड बिघडतो, शेजारी एक रेघ येते. आणि हा माणूस त्या बिघाडावर पेपर लिहितो."

"त्याला सांगितलंस?"

"तीनदा. पहिल्यांदा म्हणाला, रोचक आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, बघतो. तिसऱ्यांदा म्हणाला, बर्नडीन, तू हीलियम बघ."

मला वाटलं होतं की ती चिडेल. ती उरलेला मासा पावात घालून खाऊ लागली.

मार्चच्या सुरुवातीला बातमी आली की पेलने मागितलेल्या मोठ्या अनुदानासाठी राजधानीतून दोन परीक्षक येणार आहेत, एका मंगळवारी दुपारी दोन वाजता, आणि त्यांना ती दुसरी रेघ डोळ्यांदेखत बघायची आहे. या अनुदानात नवं हीलियम यंत्रही होतं. जुन्याचा दट्ट्या झिजला होता आणि त्याचे सुटे भाग बनवणारा कारखानाच उरला नव्हता. बर्नडीन दोन वर्षं ते स्वतः घासलेल्या पितळेच्या कड्यांवर चालवत होती.

त्याआधीच्या गुरुवारी पेल तिच्या खोलीत उतरला. मीही तिथे होतो; मंगळवारच्या भाषणाचा कागद त्याला द्यायला गेलो होतो. माझ्यासमोर बोलायला त्याला काही वाटलं नाही. भाडोत्री माणसासमोर कुणालाच काही वाटत नाही.

"बर्नडीन, मंगळवारचं गार करणं तू कर. इडाचा हात थरथरतो." इडा ही त्याची विद्यार्थिनी, मिनेसोटाची, सत्तावीस वर्षांची, प्रबंधाच्या शेवटच्या वर्षाला. "दहाला सुरू कर, दोनला तयार."

"दहाला सुरू केलं तर शेगडी लावायला वेळ राहत नाही, डॉक्टर."

"शेगडी लावायचीच नाही. मागच्या वेळी जसं केलं तसंच. विज्ञानात त्याला सातत्य म्हणतात."

"आमच्याकडे त्याला तीच चूक परत करणं म्हणतात."

पेल थांबला. मोजून तीन. मला तोंड लपवावंसं वाटलं.

"रेघ दिसली तर इथे नवं यंत्र येईल," तो म्हणाला. "तू निवृत्त होईपर्यंत ते तुझं. दारावर तुझ्या नावाची पाटी लावू हवं तर. रेघ दिसली नाही, तर जूनमध्ये ही खोली बंद. हीलियम ट्रकने मागवू. तुझ्यासाठी किल्ल्यांच्या खिडकीवर, खोल्यांच्या किल्ल्या द्यायला-घ्यायला, जागा आहे, मी बोलून ठेवलंय."

"फार उपकार."

"मी धमकी देत नाहीये."

"नाही हो. हवामान सांगताय."

तो गेल्यावर ती यंत्राच्या तांब्याच्या नळावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली.

रविवारी प्रार्थनेनंतर ती मला चर्चच्या पायऱ्यांवर भेटली. बर्फ पडत होता. तिने कधी कुणाचा सल्ला घेतलेला नाही, पण त्या दिवशी घेतला.

"मला फक्त काही करायचं नाहीये," ती म्हणाली. "कळतंय का तुला? खोटं बोलायचं नाही, काही लपवायचं नाही. ती तार जोडायची नाही, एवढंच. सांगितलंय तसं करायचं. मग यंत्र येतं. नवं, निळं, पुस्तकात पाहिलंय मी त्याचं चित्र. तू काय केलं असतंस?"

आता इथे खरं लिहायला हवं. मी म्हणालो, "जोडू नकोस. पेलचं पाप पेल बघेल. तू एकतीस वर्षं यांच्यासाठी मरमर राबलीस, एक यंत्र तरी पदरात पाडून घे. नाहीतर त्या खिडकीत बसून किल्ल्या मोजशील."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बिघडलेल्या यंत्राकडे पाहायची तसं.

"तू नट आहेस," ती म्हणाली. "तुला पडदा वर जाणं महत्त्वाचं." आणि गाडीकडे निघून गेली.

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी कुत्र्याला फिरवायला निघालो. विद्यापीठाच्या मागच्या अंगणात एकच गाडी होती, बर्नडीनची, आणि तिच्या टपावर बोटभर बर्फ साचला होता. म्हणजे ती येऊन तास तरी झाला होता. दहाला सुरू करायचं काम सहाला सुरू करायचं एकच कारण असू शकतं. मी तिथेच उभा राहिलो. कुत्रा ओढत होता. माझ्या सल्ल्याची तिने केलेली किंमत मला गाडीच्या टपावर दिसत होती.

पेल अकराला आला, नवा कोट घालून. डबा तोवर गार होत होता आणि बाहेरून डब्यात काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. त्याने विचारलं नाही. ज्याने एकदाही स्वतःच्या हाताने बुधला भरला नाही, तो विचारणार काय?

दोनला परीक्षक आले. एक बोलके गृहस्थ, ज्यांना दुपारच्या जेवणातला भाजलेल्या बीफचा पाव फार आवडला होता, आणि एक डॉ. व्हिटकम नावाच्या बारीक चणीच्या बाई, ज्यांनी ओव्हरकोट काढला नाही. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. इडा लेसरपाशी. पेलने सुरुवात केली आणि मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य पाठ म्हटलं. मग पडद्याकडे हात केला, थांबला, आणि इडाने लेसरची झडप उघडली.

पडद्यावर एक रेघ उगवली. बारीक, सरळ, उंच. एकटी.

पेल थांबून होता. तीन झाले. तेरा झाले. तीस झाले. रंगमंचावर सहनट वाक्य विसरला की अंगाला फुटतो तो घाम मला पाठीवर जाणवला, आणि खरं सांगायचं तर त्याच्याखाली एक नीच आनंदही होता.

"थोडा वेळ लागतो कधीकधी," पेल म्हणाला.

"कशाला?" डॉ. व्हिटकम यांनी विचारलं.

"इडा, लेसर वाढव."

इडाने वाढवला. रेघ आणखी उंच झाली. शेजारी काही नाही.

"आमच्या तंत्रसाहाय्यकाकडून काहीतरी..." पेल म्हणाला आणि फोन उचलला. बर्नडीन वर आली. बुटांचा आवाज जिन्यापासून ऐकू येत होता. तिने पाहुण्यांना मान झुकवून नमस्कार केला आणि हात जाकिटाला पुसत उभी राहिली.

"बर्नडीन, आज गार करताना वेगळं काही केलंस का?"

"नाही डॉक्टर. बरोबर केलं."

बोलके गृहस्थ खोकले. डॉ. व्हिटकम यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "बरोबर म्हणजे कसं, सांगाल का?"

तिने सांगितलं. कोशिंबिरीची वाटी नव्हती एवढंच. बाकी मला सांगितलं होतं त्याच शब्दांत. कोळसा, शेगडी, चार तास. कुणावर बोट दाखवलं नाही.

"आणि याआधीची मापं घेतली तेव्हा?" बाईंनी विचारलं.

बर्नडीनने पेलकडे पाहिलं. त्याला बोलायला जागा करून दिली तिने. मी पाहिलं आहे ते. त्याने ती घेतली नाही. तो पडद्याकडे बघत होता.

"तेव्हा घाई होती," ती म्हणाली. "दुसरी रेघ हवी असेल तर देते ना. शेगडी काढते, परत गार करते, उद्या दुपारपर्यंत मिळेल. थोडी हवा आत सोडली तर आणखी ठळक देते. केवढी हवी ते सांगा."

डॉ. व्हिटकम यांनी पेनाला टोपण लावलं. त्या हसल्या नाहीत, पण ओव्हरकोटाचं एक बटण सोडलं.

त्या सगळ्या खोलीत एकट्या इडाचं लक्ष पडद्यावर होतं. "चोचा, ही किती बारीक आहे," ती हळूच म्हणाली. "इतकी बारीक मी कधीच मोजली नाही. कुणीच मोजली नसेल." तिच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण पाच मिनिटांपूर्वी मेलं होतं आणि पोरगी रेघेची जाडी वाचत होती. बर्नडीन तिच्याजवळ गेली आणि दोघी पडद्याकडे बघत राहिल्या, तिथे दुसरं कुणी नसल्यासारख्या.

अनुदान गेलं. जूनमध्ये खोली बंद झाली. भंगारवाले गॅसचा कटर घेऊन आले तेव्हा बर्नडीनने त्यांना दारातच अडवलं, आणि चार दिवस बसून यंत्र स्वतः पान्याने सुटं केलं. प्रत्येक कडी, प्रत्येक झडप. शेवटचा हीलियम तिने वर इडाला पाठवला. सगळे भाग भंगाराच्या गाडीत गेल्यावर हात धुतले आणि सोमवारी किल्ल्यांच्या खिडकीत जाऊन बसली.

आणि पेल? तुम्हाला वाटत असेल, तो बुडाला. अशी माणसं बुडत नाहीत. ती बुचाची असतात. वर्षभरात त्याचा नवा पेपर आला. विषय: कार्बनची नळी थिजलेल्या हवेचा कण कसा अचूक ओळखते. तीच फिकट रेघ. कालपर्यंत अंधार बोलत होता, आता हवा बोलू लागली. दुसरा पेपर आला तो त्या बारीक रेघेवर, आणि त्यात गार करायच्या पद्धतीचं सविस्तर वर्णन: आधी कोळसा, मग नळी. या क्रमाला आता तीन देशांत 'पेल क्रम' म्हणतात. इडाने बर्नडीनचं नाव लेखकांत घालायचा हट्ट धरला, दोन महिने भांडली. पेल म्हणाला, तंत्रसाहाय्यकांचे आभार मानायची प्रथा आहे. मग आभार मानले. छापलेला कागद मी पाहिला. आभार एका कोळसा पुरवणाऱ्या कंपनीचे आहेत. इडाने मग स्वतःच्या प्रबंधात त्या क्रमाला वोयतोविचचं नाव दिलं. तो प्रबंध ग्रंथालयात आहे. आजवर चार जणांनी उघडला, त्यातला एक मी.

पेलला पदक मिळालं. पदक स्वीकारतानाच्या भाषणासाठी त्याने मला बोलावलं होतं. मी म्हणालो, माझा घसा बसलाय.

बर्नडीनला मी हे सगळं तावातावाने सांगायला गेलो. खिडकीत ती शब्दकोडं सोडवत होती.

"मग काय करू?" ती म्हणाली. "त्याच्या नावाने का होईना, लोक बरोबर गार करतायत ना? आडवा शब्द, सहा अक्षरी, 'ढोंगी'. सुचतोय का काही?"

मला तिचा राग आला. आजही येतो. एवढं थंड राहणं मला रंगभूमीवरसुद्धा कधी साधलं नाही.

दोन हिवाळ्यांनंतर हीलियमचा जगभर तुटवडा पडला. ट्रक येईनात. आधी आठवड्याला एक, मग महिन्याला एक, मग पत्र आलं की मागणी नोंदवून ठेवली आहे. वरच्या मजल्यावरची उपकरणं उबेला येऊन पडली. जानेवारीतल्या एका दुपारी मी खिडकीपाशी गप्पा मारत उभा होतो आणि पेल आला. कोट विटला होता, चेहरा उतरला होता. तो या वेळी थांबला नाही, मोजलं नाही, थेट बोलला.

"बर्नडीन, खालचं जुनं यंत्र... ते पुन्हा चालू करता येईल का? थोडं चाललं तरी पुरे. मी वर बोलतो. तुला हवी ती श्रेणी देतील."

तिने कोड्यावरून मान वर केली.

"तुम्ही कधी गेलाच नाहीत का खाली, डॉक्टर? अडीच वर्षांत?"

"वेळ झाला नाही."

ती उठली. मागच्या फळीवरून एक किल्ली काढली, पितळेची, लांब दांड्याची, आणि वहीसकट खिडकीतून पुढे सरकवली.

"सही करा," ती म्हणाली. "खोली मोठी आहे, दिवा डाव्या हाताला. बघून या आणि पाचच्या आत किल्ली आणून द्या. पाचला खिडकी बंद होते."

पेलने सही केली. किल्ली घेतली आणि जिना उतरून गेला. बर्नडीन खुर्चीत बसली, पेन्सिलीला टोक काढू लागली आणि घड्याळाकडे पाहून म्हणाली, "चार चाळीस. तू थांबतोयस का, नाटक्या? मी थांबणार नाही."